फ्लॉरेन्समध्ये 'लोकल गाईड'ने आम्हाला फुकटच्या गोष्टी विकल्या, आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर वाचाच

सुट्टीत आई-बाबांना इटली दाखवायला नेणाऱ्या सगळ्यांनी हे प्लीज शेवटपर्यंत वाचा, लांबलंय पण पैसे आणि दिवस दोन्ही वाचतील.

मे महिन्यात आई-बाबा कोल्हापूरहून माझ्याकडे म्युनिकला आले होते. बाबांनी कधी हे दाखव ते दाखव म्हटलं नाही, फक्त एकच म्हणाले की जमलं तर फ्लॉरेन्सला जाऊ, महाराजांची छत्री बघायची आहे. अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगते, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 साली इंग्लंडला गेले होते, परत येताना फ्लॉरेन्समध्ये 30 नोव्हेंबरला वारले, वय जेमतेम वीस. अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, त्या काळात तिथे दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. आणि 1874 मध्ये त्याच जागी आपल्याकडे असते तशी छत्री बांधली, आत महाराजांचा अर्धपुतळा. डिझाइन चार्ल्स मांट यांचं, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला तेच. बाबा राजाराम कॉलेजचे, त्यामुळे हे सगळं त्यांना पाठ.

तर शनिवार-रविवार असा प्लॅन केला. ऑफिसमधल्या एकीने नंबर दिला, तिच्या कुणा मैत्रिणीकडून आलेला, म्हणजे तिने स्वतः त्या माणसाबरोबर एक तास पण घालवलेला नव्हता, आणि हे मी तिला विचारलं सुद्धा नाही. 'अस्सल फ्लॉरेन्सकर, जन्म इथलाच, टुरिस्टांच्या गर्दीतून नाही तर आमच्या गल्लीबोळातून शहर दाखवतो' असं त्याचं म्हणणं. इंग्लिश चांगलं, मेसेजला लगेच उत्तर. त्याने तिघांचा हिशोब पाठवला तो अजून माझ्या फोनमध्ये आहे: दुओमो (म्हणजे तिथलं मोठं कॅथीड्रल) प्रवेश माणशी 18 युरो, त्याच्या घुमटावर चढायचा पास 45, रविवारी सकाळी उफिझी या चित्रांच्या म्युझियमचं 'प्रायॉरिटी' (रांग टाळायचं) तिकीट 38, आणि काशीने बागेतल्या त्या छत्रीसाठी 'परवानगी फी' 15. म्हणजे माणशी 116, तिघांचे 348, आणि स्वतःची दोन दिवसांची फी फक्त 72. एकूण 420 युरो. मला वाटलं बिचारा किती कमी घेतोय. सगळी गोम तिथेच होती, स्वतःची फी कमी दाखवून बाकीचं सगळं तिकिटांत घातलेलं.

निम्मे पैसे ॲडव्हान्स म्हणून ॲपवरून मागितले, आणि सांगितलं की 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवड, कमिशन वाचतं. मी निवडला. समोर खात्याचं नाव आलं ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं, म्हणाला बायकोचं खातं आहे. हे नीट लक्षात ठेवा, त्या पर्यायाने पाठवलेले पैसे म्हणजे तुम्ही घरच्याला दिल्यासारखे असतात, वस्तू किंवा सेवा मिळाली नाही म्हणून क्लेम करता येत नाही, मी नंतर तीन वेळा प्रयत्न केलाय.

शनिवारी सकाळी सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनसमोर तो खरंच आला. म्हणूनच हे लिहितेय, कारण पैसे घेऊन गायब होणारा माणूस निदान पटकन कळतो. हा आला, बाबांना 'पापा' आईला 'मम्मा' म्हणाला, आईची पिशवी घेतली. माहिती पण चांगली सांगत होता, ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 मध्ये हा घुमट खालून लाकडी सांगाड्याचा टेकू न देता कसा उचलला, विटा एकमेकींत अडकवून कशा लावल्या, सगळं बरोबर (मी नंतर तपासलं). बाबा तर खूश झाले. तिथेच उरलेले 210 युरो रोख घेतले, पावती संध्याकाळी देतो म्हणाला.

दुओमोच्या दारात त्याने आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाला मी आत येत नाही, बाहेर थांबतो. पाऊण तास रांग. दारातल्या बाईंसमोर मी आमचे तिघांचे छापील कागद धरले तर त्यांनी ते बघितलेच नाहीत, हात हलवून म्हणाल्या 'ग्रातिस'. मला वाटलं ग्रातिस म्हणजे तुमचं पेमेंट झालंय, जा. अहो, ग्रातिस म्हणजे फुकट! फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये नुसतं आत जायला तिकीटच नाहीये. तिकीट लागतं ते घुमट, जोत्तोचा मनोरा, बॅप्टिस्ट्री (समोरची बाप्तिस्म्याची इमारत) आणि म्युझियमला. आणि ज्या रांगेचे आम्ही 54 युरो मोजले ती फुकटवाल्यांचीच रांग होती, आमच्या पुढे-मागे उभ्या असलेल्यांनी एक पैसा दिलेला नव्हता.

मग जेवण. आम्ही बीफ खात नाही हे त्याला आधीच सांगितलेलं, त्यामुळे आमच्यासाठी रिबोलिता मागवलं, शिळा पाव, बीन्स आणि काळसर पालेभाजीचं दाट सूप, आईला फार आवडलं, आपल्या पिठल्याभाकरीसारखं साधं आहे म्हणाली. आणि स्वतःसाठी त्याने तिथला तो मोठा बिस्तेक्का (बीफचा जाडजूड भाजलेला तुकडा) मागवला. तो किलोवर असतो, मेन्यूवर लिहिलेला दर एका किलोचा असतो, आणि एक तुकडाच किलोच्या वर भरतो. बिल आलं तेव्हा साहेब फोनवर बोलत बाहेर गेलेले. बिल आम्हीच भरलं. कुठेही 'आल किलो' किंवा 'एत्तो' असं दिसलं (एत्तो म्हणजे 100 ग्रॅम) तर आधी वजन आणि किंमत विचारून घ्या, विचारण्यात काही कमीपणा नाही, तिथले लोक पण विचारतात.

त्यानंतर चामड्याचं दुकान, 'माझ्या चुलत भावाचं'. इथली गोष्ट मला जास्त लागलीय. बाबांनी पस्तीस वर्षं कोल्हापुरात चप्पल लाईनला काढली आहेत, चामडं त्यांना हाताला कळतं. दुकानदाराने आईसाठी पर्स काढली, 160 युरो, लायटर पेटवून जवळ धरला आणि म्हणाला बघा जळत नाही, खरं लेदर. बाबांनी पर्स घेतली, वरची बाजू बघितलीच नाही, पट्टा दुमडून कापलेली कड बोटाने चाचपली, अंगठ्याचं नख लावलं, आणि पर्स परत टेबलावर ठेवली. मी बघत होते पण मला कळलं नाही. मी कार्ड दिलं, पर्स घेतली. रात्री हॉटेलवर बाबांनी ती कड मला दाखवली, वर पातळ रंगाचा थर आणि खाली विणलेलं कापड. 'कातडं न्हवं हे पोरी,' एवढंच म्हणाले. तिथे का नाही बोललात विचारलं तर म्हणाले तू एवढ्या हौसेनं घेत होतीस, परक्या देशात तुझ्या माणसासमोर कशाला बोलायचं. मला रडू आलं. खऱ्या कातड्याच्या कडेला तंतू दिसतात, कापडाची वीण दिसत नाही, लायटरच्या खेळावर जाऊ नका. फ्लॉरेन्समध्ये चांगलं काम करणारे कारागीर खरंच आहेत, सान्ता क्रोचे चर्चच्या मागे चामड्याच्या कामाची शाळा आहे तिथे कारागीर बसून शिवताना दिसतात, घ्यायचंच तर असं समोर बघून घ्या.

साडेतीनला मुलीला क्लासहून आणायचंय म्हणून तो गेला. सव्वाचारला घुमटाचा स्लॉट. 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आई खाली थांबणार होती, बाबा आणि मी दारात गेलो. क्यूआर कोड लावला, लाल. परत लावला, लाल. तिथला मुलगा म्हणाला हे कोड सकाळीच वापरले गेलेत. आमच्या मागे एक स्पॅनिश जोडपं होतं, त्यांच्या फोनवर पण तोच पीडीएफ, तोच स्लॉट, आणि विचारलं तर माणूस पण तोच निघाला! म्हणजे एकच पास तो कितीजणांना विकत होता देव जाणे. खरा पास 30 युरोला कॅथीड्रलच्या ऑफिशियल साइटवर मिळतो, त्यात मनोरा, बॅप्टिस्ट्री, म्युझियम सगळं येतं, फक्त घुमटाची वेळ आधी बुक करावी लागते आणि सीझनमध्ये ती लवकर संपते.

त्याला फोन केला तर म्हणाला सिस्टीमचा प्रॉब्लेम, उद्या सकाळी सगळे पैसे परत. आणि मी गप्प बसले, कारण रविवारी छत्रीला तोच नेणार होता, 'तिथली परवानगी माझ्याकडे आहे' म्हणाला होता. भांडले तर बाबांचं राहील ही भीती. असे लोक नेमकं तेच ओळखतात, तुमची जी एक गोष्ट अडलेली असते तिला धरून बसतात.

रविवारी साडेनऊला उफिझीच्या दारात. तो नाही. फोन बंद. दहा, सव्वादहा. प्रायॉरिटीच्या दाराशी कागद दाखवला तर तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं, महिन्याचा पहिला रविवार आहे, आज सरकारी म्युझियम सगळ्यांना मोफत, आज बुकिंग घेतच नाही, त्यामुळे आजचं प्रायॉरिटी तिकीट असूच शकत नाही. एरवी साधं तिकीट 25 युरोच्या आसपास असतं, आणि आम्ही फुकट दिवसाचे 38 माणशी दिलेले. रांग पार नदीच्या बाजूपर्यंत गेलेली, दोन-अडीच तास सहज. चारची ट्रेन. मी म्हटलं बाबा, बोत्तिचेल्लीची व्हीनस इथेच आहे, एवढ्या लांब आलोय. बाबा म्हणाले चित्रं राहू देत, महाराजांकडे चल.

शेजारच्या चौकातून निघताना लॉज्यामधला (उघड्या कमानींच्या मंडपातला) चेल्लिनीचा पर्सियसचा पुतळा बघितला, जुन्या राजवाड्यासमोरचा मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघितला (ती नक्कल आहे, मूळ 1873 मध्ये अकादेमिया म्युझियममध्ये हलवला, नक्कल 1910 मध्ये उभी केली), सगळं उघड्यावर, सगळं मोफत. स्टँडवरून पांढरी मीटरवाली टॅक्सी घेतली. ड्रायव्हरला मोबाईलवर फोटो दाखवायची पण गरज पडली नाही, 'इंडियानो' म्हटल्यावर लगेच मान हलवली, तिथला पूल सुद्धा त्याच नावाने ओळखतात. ट्रामने काशीने स्टॉपला उतरलात तर बाग भरपूर लांब आहे, छत्री पार दुसऱ्या टोकाला, वयस्कर माणसं असतील तर टॅक्सीच बरी.

आणि तिथे काय परवानगी? काहीही नाही! सार्वजनिक बाग आहे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे, धावणारे. झाडांच्या मध्ये छत्री, भोवती लोखंडी कुंपण, आत फेटा बांधलेले महाराज, एकदम पोरसवदा चेहरा. बाबांनी चपला काढल्या. आईने कोल्हापूरहून आणलेली अंबाबाईची कुंकवाची पुडी पर्समधून काढली (जुन्या पर्समधून) आणि कुंपणाच्या कठड्याला बोट लावलं. पाऊण तास होतो तिथे. बाबा संगमाकडे बघत नुसते उभे होते. मी एकदाच म्हणाले सॉरी बाबा, तर म्हणाले आलो ना आपण, झालं.

ट्रेनआधी स्टेशनवरच्या पोलिसांकडे तक्रार दिली, तासभर गेला. तक्रारीला तिथे 'देनुन्चा' म्हणतात, त्याची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, बँकेत तीच लागते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की त्याचं लायसन्स बघितलं होतं का. इटलीत गाईडला लायसन्स लागतं आणि फोटो असलेलं ओळखपत्र असतं, मागितलं की खरा गाईड आनंदाने दाखवतो. मी मागितलंच नव्हतं. 420 पैकी अजून काही परत आलेलं नाही. पर्सचं पेमेंट कार्डवर होतं म्हणून बँकेत वाद घातलाय, बाबांनी त्या कापलेल्या कडेचे फोटो काढून दिलेत, बघू. त्या स्पॅनिश जोडप्याने पण आपल्याकडून तक्रार केली आहे आणि दोन्ही तक्रारींचे नंबर आम्ही एकमेकांना दिलेत. त्याचा जुना नंबर आता बंद आहे पण पॉन्ते वेक्यो पुलाचा तोच फोटो लावून तो दुसऱ्या नंबरवरून मेसेज करतो असं ऑफिसमधल्या त्या मैत्रिणीने कालच सांगितलं. तुम्हाला असा हिशोब आला, ज्यात दुओमोचा प्रवेश किंवा छत्रीची परवानगी फी लिहिलेली आहे, तर पैसे पाठवू नका, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तिकडे असाल तर तक्रार करा.