पोस्टग्रेस डेटाबेस काही महिने वापरून झाल्यावर: सगळं छान, पण ऑटो नंबरचे (आपोआप पुढचा नंबर घेणारे) कॉलम शोधणं!

इंदूरच्या क्लॉथ मार्केटमधल्या एका होलसेल दुकानाचं बिलिंग आम्ही मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर आणलं. स्पीड, बॅकअप यात तक्रार नाही आणि लायसन्सचा एक रुपया लागत नाही, माझ्यासारख्या पैसा मोजून वापरणाऱ्याला हे फार मोठं आहे.

पण ऐन लग्नसराईत बिलं अडकली, डुप्लिकेट की, म्हणजे तोच आयडी नंबर दुसऱ्यांदा. जुना डेटा भरून देणाऱ्यांनी आयडीसकट कॉपी केला होता, आणि आयडी बाहेरून आला की पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारा काउंटर) जागचा हलत नाही. मायएसक्यूएलमध्ये मोठा आयडी घातला की काउंटर आपोआप पुढे जातो हो! आता सेटव्हॅल करायचं, म्हणजे काउंटर हाताने पुढे न्यायचा, पण कुठल्या कुठल्या कॉलमवर? तिकडे मायएसक्यूएलमध्ये इन्फर्मेशन स्कीमात (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या यादीत) एक्स्ट्रा कॉलम बघितला की ऑटो_इन्क्रिमेंट लिहिलेलं दिसतं. इथे पोस्टग्रेसच्या त्याच यादीत इज_आयडेंटिटी बघितलं तर बहुतेक टेबलांना 'नो', कारण ती सिरियल या जुन्या पद्धतीने बनवलेली, आणि सिरियल म्हणजे खरा टाइपच नाही, साधा इंटिजर आणि डिफॉल्टमध्ये नेक्स्टव्हॅल (सीक्वेन्सचा पुढचा नंबर मागणारं फंक्शन). उलट नवीन टेबलं आयडेंटिटी या नव्या पद्धतीची, त्यांचं कॉलम_डिफॉल्ट रिकामं. म्हणजे कुठलीही एकच खूण धरली की अर्धी टेबलं सुटणार. फार चीड आली.

अपडेट: पीजी_डिपेंड, म्हणजे कोण कोणावर अवलंबून ते नोंदणारं पोस्टग्रेसचं आतलं टेबल, नीट बघितल्यावर मत बरंच बदललं. सीक्वेन्स कुठल्या कॉलमचा आहे ते तिथे नोंदलेलं असतं, डेपटाइप 'ए' असेल तर सिरियल, 'आय' असेल तर आयडेंटिटी, एका क्वेरीत दोन्ही हाती. फक्त आयडेंटिटीच हव्या असतील तर पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमधलं (कॉलमांच्या आतल्या टेबलातलं) अ‍ॅटआयडेंटिटी बघा, 'ए' म्हणजे ऑलवेज, 'डी' म्हणजे बाय डिफॉल्ट. हे व्हर्जन 10 पासून, म्हणजे 2017 पासून आहे.

तरी परतीच्या मालाचं टेबल सुटलंच! कोणीतरी हाताने सीक्वेन्स बनवून डिफॉल्टमध्ये लावला होता, ओन्ड बाय (सीक्वेन्स कुठल्या कॉलमच्या मालकीचा ते) दिलंच नव्हतं, म्हणून सीक्वेन्स त्या कॉलमच्या नावावर नाही आणि कॉलमचा सीक्वेन्स सांगणारं पीजी_गेट_सिरियल_सीक्वेन्स पण नल (रिकामं उत्तर) देतं. अशांसाठी पीजी_अ‍ॅट्रडेफमधली (कॉलमांचे डिफॉल्ट ठेवणाऱ्या टेबलातली) एक्स्प्रेशन पीजी_गेट_एक्स्प्रने काढून त्यात नेक्स्टव्हॅल शोधावं लागतं, दुसरा इलाज मला सापडला नाही. सापडल्यावर लगेच ऑल्टर सीक्वेन्स करून ओन्ड बाय लावून टाका, म्हणजे पुढच्या वेळी तो पीजी_डिपेंडच्या क्वेरीत येईल.

पाचपैकी चार स्टार. पाचवा हे सगळं एका सरळ व्ह्यूमध्ये दिसायला लागेल तेव्हा देईन.