जवसाचं तेल: बाटली घ्यावी की कॅप्सूल?

जवसाचं तेल सुरू करायचं ठरलं की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. मी आधी सात-आठ महिने कॅप्सूल घेतल्या आणि आता दीडेक वर्ष बाटलीतलं तेल घेतो आहे. लिहितोय ते या अनुभवावरून. तुमची प्रकृती आणि सवयी वेगळ्या असतील, तेव्हा निवडही वेगळी पडू शकते.

कॅप्सूलपासून सुरुवात केली त्याची कारणं खरी होती. मोजायची भानगड नाही, हात तेलकट होत नाहीत, प्रवासात डबी कुठेही मावते. ज्यांना तेलाची चवच सोसत नाही त्यांच्यासाठी तर हाच मार्ग. मात्रेचा हिशेब मात्र आधी करून ठेवा. 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-3, साधारण 500 ते 550 मिलिग्रॅम असतं. चहाच्या चमचाभर तेलात ते अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एका चमच्याला जवळपास पाच कॅप्सूल. अमेरिकेतल्या शिफारशीत पुरुषांना रोज 1.6 ग्रॅम आणि स्त्रियांना 1.1 ग्रॅम पुरेसं धरलं आहे. तेवढंच हवं असेल तर दोन-तीन कॅप्सूलमध्ये भागतं. मीही तीनच घेत होतो.

मला नकोसं झालं ते ढेकरांमुळे. कॅप्सूल घेतल्यावर तासा-दोन तासांनी घशाशी एक उग्र, जुनाट वास यायचा. जेवणाआधी घेऊन पाहिली, जेवणानंतर घेऊन पाहिली, रात्री घेतली तर त्या ढेकरानं झोपमोड व्हायला लागली. पोटच बिघडलंय अशी माझी समजूत झाली होती. एका सकाळी कात्रीनं एक कॅप्सूल कापली आणि तेल चमच्यात पिळलं. वास नाकाशी येताच ओळख पटली: लहानपणी क्रिकेटच्या बॅटला चोळायचो त्या तेलाचा! तेही जवसाचंच असतं म्हणा, पण हा वास शिळा आणि रंगाच्या डब्यासारखा होता. जिभेवर थेंब ठेवला तर चक्क खवट. डबीवरची मुदत संपायला अजून बरेच महिने होते. डबी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचो, त्या उष्णतेनंही ते झालं असेल. सगळा दोष बनवणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. पण खवट तेल मी कित्येक आठवडे औषध म्हणून गिळत होतो आणि त्या गुळगुळीत आवरणामुळे मला पत्ताच लागला नव्हता, ही गोष्ट मनातून जाईना.

बाटलीचा ताप कमी नाही, हेही सांगायला हवं. फ्रिजमध्येच ठेवावी लागते, बाटली गडद रंगाची लागते, आणि हे तेल तापवायचं नाही. फोडणी तर नाहीच. वाढून झाल्यावर जेवणावर वरून घालायचं. झाकणाच्या आट्यांत आठवडाभरात चिकट, पिवळसर डिंकासारखा थर जमतो. हवा लागली की हे तेल आळतं आणि सुकून त्याचा पापुद्रा होतो. म्हणूनच तर चित्रकारांच्या तैलरंगांत ते शतकानुशतकं वापरलं गेलं. मी दर दोन-तीन दिवसांनी बाटलीचं तोंड कोरड्या कागदानं पुसतो. पुसलेला कागद चुरगाळून ढिगात टाकू नका, तो ओला करून टाका. या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात.

चवीबद्दल एक बारकावा. ताजं तेल बदामासारखं, थोडं गवताळ लागतं. काही आठवड्यांनी कडवटपणा येतो. तो तेलातल्या सायक्लोलिनोपेप्टाइड नावाच्या घटकांवर हवेचा परिणाम होऊन येतो. कडू होणं आणि खवट होणं एक नव्हे, पण कडू लागायला लागलं की माझ्यासाठी ती बाटली संपली. बाटलीत मला आवडतं ते हेच: तेल बिघडतंय हे त्याच दिवशी जिभेला कळतं.

फायद्याबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. मासळीतल्या ओमेगा-3 ची जागा हे तेल पूर्ण भरून काढत नाही, कारण शरीर त्यातला थोडाच भाग तसल्या रूपात बदलतं. तुमचा रोख कोलेस्टेरॉल किंवा बद्धकोष्ठतेवर असेल, तर बाटली-कॅप्सूलच्या वादात न पडता जवस दळून खा, असंच मी म्हणेन. तंतू तेलात उतरत नाहीत आणि लिग्नान नावाचे बियांतले वनस्पतीजन्य घटकही जवळजवळ सगळे चोथ्यातच राहतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रुग्णांना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं होतं. त्यांचा वरचा रक्तदाब जवस न दिलेल्या गटापेक्षा सुमारे 10 अंकांनी कमी राहिला. तेही दळलेलं बी होतं, तेल नव्हे. मी तेल घेतो ते कोरड्या त्वचेसाठी. मला फरक जाणवला. तो तेलाचाच, असं छातीठोकपणे सांगत नाही.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा गरोदरपण असेल, तर दोन्हींपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मात्रा एकदम वाढवली तर जुलाब होतात.

बाटलीच घेणार असाल तर लहान घ्या. रोज 5 मिलिलिटरनं 250 मिलिलिटरची बाटली 50 दिवस पुरते, आणि माझ्या अनुभवात शेवटचे दहा दिवस ती कडूच लागते. मी 100 ची घेतो आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवतो. कॅप्सूलच सोयीच्या वाटल्या तर डबी फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा एखादी कापून वास घ्या.