ग्रॅम्प्सवर वंशावळ: नऊ महिन्यांनंतर

गेल्या चवथीला काकांनी घराण्याची वंशावळ बाहेर काढली. लांबलचक कागद, सात पिढ्या, आणि त्यात एकही बाईमाणूस नाही. तेव्हापासून मी या कामाला लागले.

आधी एक वर्गणीची परदेशी साइट घेतली. नाव जुळलं की ती ‘हे तुमचेच का?’ विचारायची. एकदा मी हो म्हटलं आणि पणजोबांना भलत्याच तालुक्यातले वडील चिकटले. ते निस्तरायला दोन रविवार गेले. ग्रॅम्प्स हा वंशावळ नोंदवायचा प्रोग्रॅम मात्र मोफत आहे, माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. शिकायला वेळ द्यावा लागतो हे खरं. बाहेर कुणाला भेटायला जाताना मी अजून वहीच नेते आणि रात्री घरी बसून भरते.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे एकाच माणसाला हवी तेवढी नावं देता येतात. गोव्यात तिच्यावाचून पान हलणार नाही. पोर्तुगीज कागदांत प्रभूंचे ‘पोरोबो’ होतात, कामतांचे ‘कामोतीं’. ‘श’च्या जागी एक्स, कुठे कुठे ‘क’च्या जागी क्यू. मी प्रत्येक नाव त्या त्या कागदात आहे तसंच लिहिते, सुधारत नाही.

प्रत्येक नोंदीला ती कुठून आली आणि कितपत भरवशाची, हेही जोडता येतं. आजोबांचं जन्मसाल काकांनी तोंडी सांगितलं ते रजिस्टरशी दोन वर्षांनी जुळेना, दोन्ही ठेवली. आमची कुलदेवी म्हाळसा सोळाव्या शतकात वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, म्हणून आमचं मूळ गाव वेर्णेच, असं घरात सगळे म्हणतात. कागद हाती नाही, तेव्हा ते ‘फार कमी’ भरवशाखाली.

सक्तीची नागरी नोंदणी इथे १९१४ पासूनची. त्यामागे जायचं तर देवळातली महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची यादी, जमिनीचे कागद आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटणीचे कागद. यादीत पुरुषच भेटतात. इन्व्हेंटरीत मात्र मुलीही वारस, म्हणून त्यांची नावं येतात.

खापरपणजोबांची १९१२ची इन्व्हेंटरी आमच्याच ट्रंकेत होती. शाई मागच्या पानावर उतरलेली. शेजारच्या निवृत्त बाईंनी भिंगाखाली धरून एकेक शब्द वाचून दाखवला. चार मुलगे, जे वंशावळीत आहेतच. त्यांच्याखाली द्वारका, वय १९, लग्न झालेली. आणि सुंदरी, वय ११, ‘सोल्तैरा’, म्हणजे अविवाहित. बाई पुढे वाचत होत्या, मी त्याच ओळीवर थांबले होते. आमच्या घरात या मुलीचं नाव कुणी कधी घेतलेलं नाही. बाबांनाही ठाऊक नव्हतं.

ग्रॅम्प्समध्ये सुंदरीच्या पानावर अजून तेवढीच एक नोंद आहे. लग्नात तिचं नाव बदललं असणार, म्हणून १९१४ नंतरच्या विवाहनोंदींत तिला बापाच्या नावाने शोधतेय. १९१७ पर्यंतची पानं पाहून झाली.