साताऱ्यात उतरायचं तर राजवाड्याला

कासचं फुलांचं पठार बघायला येणारे बरेच जण हायवेलगतच्या हॉटेलात उतरतात. गाडी लावायला ऐसपैस जागा मिळते हे खरं. पण कास, सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा ही तिन्ही ठिकाणं गावाच्या पश्चिम अंगाला, आणि हायवे पूर्वेला. म्हणजे रोज सकाळी अख्खं सातारा ओलांडायचं आणि संध्याकाळी दमून तेच परत. राजवाडा, गांधी मैदान, मोती चौक या पट्ट्यात मुक्काम केला की हा हेलपाटा वाचतो. खरेदी, खाणं आणि भटकंतीचा तळ या हिशेबाने या भागाला पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो पार्किंगपायी.

आधी रस्ते समजून घ्या. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे दोन रस्ते येतात. सातारकरांच्या तोंडी ते वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. वरचा म्हणजे राजपथ, खालचा म्हणजे कर्मवीर पथ. पत्ता विचारलात की उत्तर याच भाषेत मिळेल. राजवाड्याच्या पुढे समर्थ मंदिर चौक लागतो आणि सगळी गंमत तिथे आहे: एक रस्ता यवतेश्वरच्या घाटाने कासला चढतो, दुसरा डावीकडे बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे जातो. राजवाड्यावरून निघालं की काही मिनिटांत गाव मागे पडतं.

अजिंक्यतारा किल्ल्यासाठी तर गाडी काढायचीही गरज नाही. राजवाड्यापासून अदालतवाडा चालत दहा मिनिटांवर. त्याच्या बाजूची वाट वर गडाच्या गाडीरस्त्याला मिळते. तासाभरात माणूस दरवाज्यात पोहोचतो. सूर्योदयाला निघा, वरून सगळं सातारा नकाशासारखं पायाखाली दिसतं.

कासचं गणित वेगळं. अंतर जेमतेम 22-25 किलोमीटर, पण फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, शनिवार-रविवारी घाटात गाडीला गाडी लागते. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, त्यात धुकं. एखादी बस अडली की मागची सगळी रांग थांबते. म्हणून राजवाड्यावरून सातच्या आत निघायचं. हायवेवरून येणारे गावातल्या सिग्नलवर असतात तोवर तुम्ही यवतेश्वर ओलांडलेलं असतं. 2012 साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांमध्ये कासचा समावेश झाला आणि तेव्हापासून गर्दी वाढतच गेली. हंगामात ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवा, फाटकावर हुज्जत घालून उपयोग नाही. आणि फुलांमध्ये पाय ठेवू नका. तिथली माती कातळावर बोटभर जाडीची असते. एकदा तुडवली गेली की पुढच्या वर्षी तिथे फूल येईलच याची खात्री नाही.

सज्जनगड आणि ठोसेघर एकाच रस्त्यावर आहेत, तेव्हा दोन्हींना एकच दिवस पुरतो. क्रम मात्र उलटा लावा: सकाळी आधी ठोसेघर, साधारण 25 किलोमीटर, आणि परतताना दुपारच्या महाप्रसादाच्या वेळेला सज्जनगड. आधी गड केला तर प्रसाद चुकतो आणि ठोसेघरला ऐन गर्दीत पोहोचता. मार्च-एप्रिलमध्ये धबधब्यासाठी येऊ नका, नुसता कडा बघून परत जावं लागेल.

गाडी नसेल तर स्टँडवरून राजवाड्याला शहर बस मिळते. कास-बामणोलीच्या एसट्या मोजक्याच असतात, त्यामुळे जाण्याच्या नव्हे, येण्याच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर आधी विचारा. जीप ठरवलीत तर थांबण्याचे तास धरून भाडं बोलून घ्या. वाद होतो तो नेहमी थांबण्याच्या पैशांवरून.

संध्याकाळी राजवाड्याजवळची चौपाटी. भेळ, पाणीपुरी, पावभाजी, वडापाव, आइस्क्रीम, सगळं एका रांगेत. गर्दी असलेल्या गाड्यावरच खा, तिथे तळण सतत उपसलं जातं. तिखट सोसत नसेल तर मिसळीला तर्री वेगळी मागा.

पण या भागाची खरी खरेदी म्हणजे मोती चौकातले कंदी पेढे. पांढऱ्या पेढ्याची सवय असलेल्यांना रंगच आधी खटकतो. म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, त्यातून तो रंग आणि किंचित धुरकट खमंगपणा येतो. घेण्याआधी एक पेढा मोडून बघा: आत रवाळ आणि कोरडा हवा. बोटाला ओलसर लागला तर भाजणी कमी झालीय, तो प्रवासात टिकणार नाही. ताजे, कोमट पेढे लगेच डब्यात बंद केले की झाकणाला वाफ धरते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी. खोकं थोडं उघडं ठेवून पूर्ण गार होऊ द्या, मगच बांधा. म्हणून खरेदी शेवटच्या दिवशी, आणि खोकं डिकीत नको, सावलीत ठेवा. किराणा दुकानात वाघ्या घेवडा मिळाला तर किलोभर घ्या. कोरेगाव भागातला हा घेवडा आमटीला फार चांगला लागतो.

आता पार्किंग. मोती चौकात चारचाकी थांबवणं म्हणजे मागच्या सगळ्यांची अडवणूक. पेठांमधल्या जुन्या लॉजना स्वतःची जागा बहुधा नसते, तेव्हा खोली ठरवतानाच गाडी कुठे लावायची ते स्पष्ट विचारा. सातनंतर राजवाड्यासमोर जागेच्या शोधात फिरण्यापेक्षा गाडी मुक्कामी सोडून चालत या. रस्त्याकडच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत हॉर्न ऐकू येतात, आतली खोली मागा. गणेश विसर्जनाला आणि दसऱ्याला इथे मुक्कामच टाळा किंवा गाडी बाहेर ठेवा. दसऱ्याला जलमंदिर या राजघराण्याच्या वाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्याकडे निघते. बघण्यासारखी असते, पण तेवढा वेळ गाडी जागची हलत नाही.

संगम माहुली, लिंबची बारा मोटांची विहीर आणि स्टँडसमोरचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय मात्र राजवाड्यावरून आडवळणाचं पडतं. ही तिन्ही परतीच्या दिवसासाठी ठेवा. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, शिरण्याआधी पाट्या नीट वाचा. खाली रस्ते फुटतात आणि आत वळता येत नाही. चुकलात तर पार पलीकडे निघून परत फिरावं लागतं.