कागदी घोडे, रोख पैसे

हे लिहायला सहा महिने लावले. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण आपण हौसेनं आणि हसत हसत फसलो याची लाज त्याहून मोठी होती. आता ओळखीतल्या दोन पोरांनी त्याच प्रकारच्या, म्हणजे गाडीची ताकद वाढवून घेण्याच्या कामासाठी पैसे जमवायला घेतल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

गाडी माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१४ची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचा आकडा १०५ पीएस (ढोबळमानानं तेवढेच घोडे), १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). रोजच्या वापराला भरपूर झाली. पण ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेस दोन वर्षं बाहेरून बघितल्या आणि डोक्यात किडा शिरला. ४०२ मीटरची सरळ पट्टी, समोर दिव्यांचं झाड, हिरवा लागला की दोन गाड्या सुटतात. एकदा तरी आपण त्या रेषेवर उभं राहायचं, एवढीच इच्छा.

एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये 'ट्यूनिंग' करणारा गाठला. नाव देत नाही. फोनवर रील्स तयार, भिंतीवर ट्रॉफ्या (कुणाच्या, हे विचारलं नाही). गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, गाडी झोपलीय. उठवू आपण तिला." ईसीयू रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची फाइल बदलणं), डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), फिल्टर, मागचा एक्झॉस्ट, सगळं मिळून 'स्टेज टू', १ लाख ३८ हजार. "बिल घेतलंत तर वर १८ टक्के जीएसटी, बघा बुवा." मी रोख दिले. तिथेच अर्धी लढाई हरलो होतो.

चार दिवसांनी गाडी मिळाली. काय सांगू! पॅडलला अंगठा टेकवला तरी झेपावायची. मागून फटाके फुटल्यासारखा आवाज. मित्राला शेजारी बसवलं, त्याचं डोकं सीटवर आपटलं, आणि दोघंही वेड्यासारखे हसलो. वर लॅमिनेट केलेला डायनोचा (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद. एक रेष खाली, एक रेष वर, कोपऱ्यात ठळक १६२ घोडे. तो कागद मी घरी आईला दाखवला होता. ती म्हणाली, "बरं," आणि भाजी चिरत राहिली.

रेसच्या दिवशी पहाटे निघालो. लोणावळा, भुशी धरण, लायन्स पॉइंट, गाडीत गरम चहाचा थर्मास. पहिली धाव माझ्या मते झकास झाली. टायमिंगच्या टेबलावरून चिठ्ठी घेतली: १६.८२ सेकंद, शेवटचा वेग १३१ किलोमीटर. शेजारच्या लेनमध्ये वीसहून जास्त वर्षं जुनी होंडा सिटी व्हीटेक होती, रंग उडालेली, एका बाजूचं बंपर पट्टीनं बांधलेलं. ती माझ्यापुढे दोन-तीन गाड्यांच्या लांबीनं गेली. तिचे मालक पन्नाशीचे. ते जवळ आले, चिठ्ठी बघितली आणि अगदी सहज विचारलं, "स्टॉक आहे का रे गाडी?"

स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशीच. मी १६२चा कागद काढला. काकांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि पहिला प्रश्न असा विचारला की माझ्या पोटात गोळा आला. "तुझी गाडी किती आरपीएमला सगळ्यात जास्त पॉवर देते?" पाच हजारांच्या आसपास. "मग इथे रेषेचं टोक चौसष्टशेवर कसं?"

कागद माझ्या गाडीचा नव्हताच. दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा आलेख, वर माझा नंबर छापलेला. महिनाभर मी तो ग्लोव्हबॉक्समध्ये घेऊन फिरत होतो आणि खालच्या ओळीतले आकडे एकदाही वाचले नव्हते.

मग काकांनी चिठ्ठीवरचा वेग दाखवला. सेकंद फसवू शकतात, म्हणाले. टायर घसरले, सुटायला जमलं नाही तर वेळ वाढते. दिवा लागल्यावर तू जागेवर किती रेंगाळलास ते या सेकंदांत येतच नाही, कारण घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं. पण शेवटच्या वीसेक मीटरमध्ये मोजलेला वेग गाडीची ताकद बऱ्यापैकी उघडी पाडतो. त्यांनी मोबाइलवर हिशोब केला: वेगाला ३७६.६नं भागायचं, उत्तराचा घन करायचा, त्याला माझ्यासकट गाडीच्या किलोतल्या वजनानं आणि २.२नं गुणायचं. माझं आणि गाडीचं मिळून ११८० किलो धरले, तर १३१च्या वेगाला जवळपास ११० घोडे निघाले. १६२ असते तर वेग १४९च्या घरात हवा होता. अंदाजाचा हिशोब आहे, पाच-सात घोडे इकडेतिकडे होतील. बावन्न होणार नाहीत.

मग झेप कुठून आली? नंतर एका जाणकाराकडून ईसीयूतली फाइल वाचून मूळ फाइलशी ताडून घेतली. टर्बोचा दाब जसाच्या तसा, इग्निशन जसंच्या तसं. झेपेसाठी बदललं होतं ते फक्त ॲक्सिलरेटरच्या पॅडलचं गणित. मी वीस टक्के दाबलं की इंजिनाला पन्नास टक्क्यांचा हुकूम जायचा. शंभर टक्के दाबल्यावर शंभरच, जे आधीही होतं. पायाला वाटतं गाडी जोरात आहे, आवाजानं कानालाही पटतं, आणि रेषेवर पाय पुरता खाली असताना काहीच फरक नाही.

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ('कॅट', धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काम करत नाही हे सांगणारा इशारा बंद केलेला होता. डाउनपाइप लावताना माझं कॅट काढलं, ते "भंगार आहे दादा, काय करणार घेऊन" म्हणून ठेवून घेतलं होतं. त्या भंगारात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. जुनी कॅट विकत घेणारे लोक त्यासाठीच बसलेत. म्हणजे १ लाख ३८ हजार मी दिलेच, वर कॅटचे त्याने वेगळे कमावले. हे मला पीयूसी नापास झाल्यावर कळलं.

शेडवर गेलो. "दादा, प्रत्येक डायनो वेगळा असतो." कॅट? "गेलं भंगारात." पैसे? त्यावर तो जे म्हणाला ते ऐका. "करा ना तक्रार. गाडीत काय काय केलंय तेही सांगा तिथे."

आणि तो चुकीचा नव्हता, हेच झोंबलं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. वरून माझ्याकडे बिल नाही. अशा लोकांचा धंदा याच भरवशावर चालतो. विम्याचं तर विचारूच नका.

एवढं सगळं होऊनही कुणाला करायचंच असेल, आणि मला माहीत आहे करणारे करतातच, तर काम सुरू होण्याआधी त्याच डायनोवर, त्याच दिवशी, स्वतः उभं राहून गाडीची मूळ धाव काढून घ्या. आकडा चाकांवरचा मागा. इंजिनावरचा आकडा बहुतेक वेळा चाकांवरच्या आकड्यात अमुक टक्के मिळवून काढतात, आणि ते टक्के कोण ठरवतो? डायनोवाला. हवेच्या तापमानाचं आणि दाबाचं करेक्शन किती धरलं ते कागदावर लिहून घ्या. गाडीची मूळ फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर हवी. काढलेला प्रत्येक भाग डिकीत टाकून घरी न्या, गंजका बोल्टसुद्धा. आणि धावायचं ते धावपट्टीवरच. रात्री हायवेवर 'ट्राय' घेणारे वेगळ्याच कलमात जातात, आणि मधे कुणी रस्ता ओलांडत असेल तर कलमाच्या पलीकडे.

मूळ फाइल पुन्हा टाकून घेतली आहे. सर्व्हिस सेंटरला कॅटची ऑर्डर दिलीय, दोन महिने सांगितलेत. पीयूसी नाही म्हणून गाडी सोसायटीत कव्हरखाली उभी आहे, मी पीएमपीच्या बसनं ऑफिसला जातो. परवा आईनं ग्लोव्हबॉक्समधली कागदपत्रं आवरताना ते लॅमिनेट काढलं आणि विचारलं, "हे ठेवायचंय का?"

ठेवलंय. काकांची आणि माझी चिठ्ठी त्यालाच स्टेपल केलीय.