मोटरवाली फोकस रेल: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फोकस स्टॅकिंगसाठी, म्हणजे थोडा थोडा फोकस बदलून काढलेले बरेच फोटो जोडून एक पूर्ण शार्प फोटो करण्यासाठी, मोटरवाली रेल (कॅमेरा बारीक बारीक पुढेमागे सरकवणारी पट्टी) घेऊन बरेच महिने झाले, आधी हाताने फिरवायची रेल होती आणि कॅमेऱ्यातलं फोकस ब्रॅकेटिंगही (कॅमेरा स्वतःच लेन्सचा फोकस बदलत फोटो काढतो ते) भरपूर वापरलंय, त्यामुळे तिन्हीचं मिळून लिहितोय. रेल घेताना सगळे विचारतात की सगळ्यात छोटी स्टेप किती मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न हा की रेल दर वेळी तेवढीच सरकते का, आणि सरकल्यावर किती लवकर स्थिर होते.

किती बारीक स्टेप लागते ते आधी बघा. फुल फ्रेमवर १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या मापात पडते तेव्हा) अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवलं तर शार्प पट्टा एक मिलीमीटरच्या आतबाहेर असतो, ओव्हरलॅप धरून अर्ध्या मिलीमीटरची स्टेप पुरते आणि ते हातानेही आरामात होतं. ५ पट मॅग्निफिकेशनला एफ/२.८ वर तोच पट्टा ०.०५ मिमीच्या आसपास येतो. आणि १० एक्सचं मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्ह लावलं, एनए (ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) ०.२५ वालं, तर जेमतेम ८-९ मायक्रॉन! तिथे हाताचं काम नाही, तिथे मोटर पाहिजेच.

माझ्या रेलच्या स्क्रूचे आटे १ मिमी पिचचे आहेत आणि मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, म्हणजे एक पूर्ण स्टेप ५ मायक्रॉनची. मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे एका स्टेपचे आणखी तुकडे पाडून, १६ भाग केले की हिशोबाने ०.३ मायक्रॉन होतात आणि जाहिरातीत असाच आकडा मिरवतात, पण वर कॅमेरा, लेन्स, फ्लॅशचं वजन असताना आणि घर्षण असताना प्रत्येक मायक्रोस्टेप सारखी पडत नाही. मी ५ मायक्रॉनच्या खाली जातच नाही आणि १० एक्सला तेवढी पुरतेही.

खरा त्रास बॅकलॅशचा. नट आणि आट्यांमध्ये थोडी फट असतेच, त्यामुळे दिशा बदलली की मोटर फिरते पण कॅमेरा काही क्षण जागचा हलत नाही. आपल्या रेलमध्ये हे किती आहे ते घरीच तपासता येतं: स्टीलची पट्टी ४५ अंशात तिरकी ठेवा, एक फोटो काढा, रेल १०० मायक्रॉन पुढे न्या, १०० मागे आणा, परत फोटो काढा आणि दोन्ही फोटो १०० टक्के झूम करून बघा. शार्प पट्टा पट्टीवरच्या त्याच रेघेवर आला तर उत्तम. माझ्या रेलवर तो स्पष्ट सरकलेला दिसतो, आणि तरी मी रेलवर खूश आहे, कारण उपाय साधा आहे. सुरुवातीच्या जागेच्या बरंच मागे जायचं, मग पुढे येत येत सुरुवात गाठायची आणि अख्खा स्टॅक (फोटोंची पूर्ण मालिका) त्याच दिशेने काढायचा. मधे थांबून "जरा मागे घेऊ" करायचं नाही. केलं तर भुंग्याच्या पाठीवर बरोबर तिथेच एक धुरकट पट्टा उमटतो आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही, कारण तिथला शार्प फोटोच नसतो.

दुसरं म्हणजे सेटल टाइम. रेलच्या कंट्रोलरमध्ये स्टेपनंतर किती थांबायचं ते टाकता येतं, मी दोन सेकंद ठेवतो आणि उभ्या सेटअपला (कॅमेरा खाली तोंड करून) तीन. फ्लॅश कमी पॉवरवर ठेवला की झोत इतका क्षणभराचा असतो की थरथर फोटोत येत नाही, मात्र रिसायकल व्हायला वेळ द्या नाहीतर मधलीच एखादी फ्रेम काळी.

आता कॅमेऱ्यातलं ब्रॅकेटिंग. निकॉन, कॅननमध्ये स्टेप १ ते १० अशी असते, मिलीमीटरमध्ये नाही, त्यामुळे प्रत्येक लेन्सला तिरक्या पट्टीवर एकदा बघून घ्यावं लागतं. पण १:१ च्या खाली मला तेच आवडतं. लेन्सने फोकस बदलला की चित्र थोडं लहानमोठं होतं, ते सॉफ्टवेअर जुळवून घेतं. रेलने कॅमेराच पुढे जातो म्हणून बघण्याची जागा बदलते, आणि माशीच्या डोळ्यावरचे केस मागच्या भागाला जरा वेगळ्या ठिकाणी झाकतात, मग कडेला हॅलो, म्हणजे धुरकट वलयं, येतात. १:१ च्या वर मात्र रेलच, कारण तिथे लेन्सची रिंग फिरवून फोकसपेक्षा मॅग्निफिकेशनच जास्त बदलतं. फोटो जोडताना केसाळ किडा असेल तर झेरीन या स्टॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स पद्धत, गुळगुळीत पाठीला डीमॅप.

तक्रारी दोन. कंट्रोलर बंद केला की सुरुवात-शेवट विसरतो, मोठ्या स्टॅकच्या मधे बॅटरी गेली तर पहिल्यापासून सुरू. आणि सोबत आलेली क्लॅम्पची प्लेट जड लेन्सला वाकते, ती मी पहिल्याच आठवड्यात बदलून जाड लावली, त्यानंतर उभ्या सेटअपलाही फ्रेम खाली घसरत नाही.