शाळेत कौन्सेलिंगला येणारी एम.ए.ची पोरं: सेवा चांगली, पण ऐन परीक्षेत गायब

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी हायस्कूलात गेल्या जूनपासून सायकॉलॉजी एम.ए.चे दोन विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस येत होते, बेळगावातल्या एका कॉलेजचे, नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या शाळा विचारायलेत की ही सेवा घ्यावी काय, म्हणून हे लिहितोय. फी काही नाही. पाचात साडेतीन स्टार.

आधी चांगलं सांगतो. आल्या आल्या भाषण ठोकलं नाही (आमच्यात येणारा प्रत्येक पाहुणा ठोकतो). सुरुवातीला मागच्या बाकावर बसून नुसतं बघितलं, दुपारी अक्षर दासोहच्या (शाळेतल्या सरकारी जेवणाच्या) पंगतीत पोरांबरोबरच जेवले, मग आम्हा मास्तरांकडनं एसडीक्यू म्हणून पोरांच्या वागण्या-भावनांविषयीचा २५ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. त्यात दंगा करणाऱ्यांबरोबर गप्प राहणाऱ्यांचंही विचारतात, म्हणून नववीतली एक मुलगी यादीत आली जिच्याबद्दल कुणाची कधी तक्रारच नव्हती. आईबाप गोव्याला कामाला, घरात आजी नि धाकटा भाऊ, सकाळचा सैपाक करून ही बस धरणार. त्या दोघांतल्या ट्रेनी बाईनी तिला उपदेश केला नाही, आजीला शाळेत बोलावून निवांत बोलल्या आणि क्लासटीचरशी बोलून घरचा अभ्यास शाळेतच करायची सोय लावली. एवढंच, पण पोरगी आता वर्गात तोंड उघडते.

काय गुपित राहणार नि काय नाही हे पहिल्याच दिवशी पोरांना स्पष्ट सांगितलं, जिवाला धोका असेल तर गुपित राहणार नाही, नि लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं. त्यांच्या कॉलेजच्या मॅडम दर आठवड्याला एकेक केस तपासतात, आजाराचं नाव ट्रेनींनी परस्पर द्यायचं नाही असा नियम, कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. मोठं काही असलं तर धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, पण तिकडं जायचं म्हणजे घरच्यांची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर रंगवून घेतला, फुकट आहे, चोवीस तास.

आता तक्रारी. बोलायला वेगळी खोली नाही, सायन्स लॅबमध्ये सांगाड्याशेजारी बसायचं, पण तो दोष आमच्या शाळेचा. दोघांतल्या एकाला मराठी येत नव्हतं, पोरांना कन्नड येतं की, पण घरातली भांडणं कन्नडमधनं सांगताना दोन वाक्यांत गप्प व्हायची.

आणि मुख्य म्हणजे फेब्रुवारी संपला की ह्यांचीच परीक्षा, ट्रेनी गायब, इकडं एसएसएलसी (दहावीची बोर्डाची परीक्षा) तोंडावर, दहावीची पोरं विचारायलेत, सर, ते कधी येणार? अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषाप्रमाणं १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत, आणि ५०० विद्यार्थ्यांमागं एक माणूस असावा म्हणतात. तेवढं आपल्याला कुठनं मिळणार, पण पोरांना बोलतं करून मध्येच सोडून जाणं बरं नव्हे, निदान फोनवर तरी कुणीतरी पाहिजे.

घेणार असाल तर मेमध्येच हेडसरांकडनं कॉलेजला पत्र द्या, त्यात मराठी बोलणारा ट्रेनी मागा आणि मार्च-एप्रिलला कोण येणार हे लेखी घ्या. आम्ही यंदा तसंच पत्र दिलंय, उत्तर अजून आलेलं नाही.